बिल्डिंग रिकामी करणारा मामा

माझ्या मामाला त्या बिल्डिंगमध्ये तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘जुडगा’. कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा असायचा म्हणून. एकशे बासष्ट दारं होती आणि प्रत्येक दाराची एक किल्ली त्याच्या ताब्यात. चालताना तो एका हाताने जुडगा दाबून धरायचा, आवाज होऊ नये म्हणून. लोकांना वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे! आईने मला खरं कारण सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्याला माणसाच्या मागे अचानक जाऊन उभं राहायला आवडतं. लहानपणापासूनच."

शहराच्या अगदी मध्यावरच्या त्या बिल्डिंगबद्दल आता पेपरात बरंच छापून येतं. तिचं घड्याळ, तिचा सरकता जिना, तिचं काचेचं छप्पर, जुने फोटो. ती रिकामी कशी झाली याबद्दल मात्र एकच ओळ असते: ‘कालांतराने भाडेकरू सोडून गेले.’ ते सोडून गेले नाहीत. माझ्या मामाने त्यांना एकेक करून काढलं. त्याने सगळ्यात शेवटी जिला काढलं ती माझी आई, म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण.

आजी वारली तेव्हा आई बारा वर्षांची होती आणि मामा पाच. आजोबा दिवसभर कामावर. त्यामुळे मामाला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेत सोडणं, शाळेतून पळून आला की परत सोडणं, सगळं आईनेच केलं. ती त्याला ‘बाळा’ म्हणायची. तो चाळीस वर्षांचा झाला, डोक्यावर टक्कल पडलं, तरी बाळाच.

एकोणिसाव्या वर्षी मामा बिल्डिंगवर लागला, म्हणजे बिल्डिंग नव्हतीच तेव्हा, नुसता खड्डा होता. सिमेंटच्या गोण्यांवर पहारा ठेवायचं काम. ओळखीच्या एका मुकादमाने शब्द टाकला म्हणून मिळालं होतं. चार महिन्यांनी मामाने मोठ्या मालकांकडे जाऊन सांगितलं की लोखंडी सळया चोरीला जातात आणि त्या तोच मुकादम विकतो. गोष्ट खरी होती. मुकादमाला सगळ्यांसमोर गेटबाहेर काढलं. त्याच्या घरी तीन लहान पोरी होत्या, हे मामाला माहीत होतं, कारण तो त्यांच्याकडे जेवायला जायचा. आई म्हणाली, "अरे, ज्याने पोटाला लावलं त्याच्याच पोटावर पाय दिलास?" मामा म्हणाला, "मी खोटं बोललो का?"

त्याचं हे एक होतंच. तो खोटं फारसं बोलायचा नाही. मोठे मालक त्या दिवशी म्हणाले, "हा माणूस माझ्या कामाचा." आणि बिल्डिंग उभी राहिली तेव्हा मामा तिचा केअरटेकर झाला.

सुरुवातीची काही वर्षं त्या बिल्डिंगने शहराला वेड लावलं होतं. तळमजल्यावर आणि पहिल्यावर दुकानं: बुटांचं, कॅमेऱ्यांचं, चष्म्यांचं, रेडिओचं. वर सहाव्या मजल्यापर्यंत ऑफिसं: विमा, वकील, जहाजांची बुकिंग करणारे, एक टायपिंगचा क्लास, एक दाताचे डॉक्टर. मधोमध मोठा चौक, आणि त्याच्यावर सहा मजले उंच काचेचं छप्पर. सकाळी दहाला ऊन सरळ चौकातल्या फरशीवर उतरायचं. सरकता जिना शहरात पहिलाच. तो फक्त वर जायचा. लोक रांग लावून वर जायचे, साध्या जिन्याने खाली यायचे आणि परत रांगेत उभे राहायचे. एक म्हातारी चपला हातात घेऊन चढली होती, झिजायला नकोत म्हणून. मामा रांगेवर लक्ष ठेवायचा. दुसऱ्यांदा आलेल्याला तो बरोब्बर ओळखायचा आणि हाताला धरून बाहेर काढायचा.

माझे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईला शिवण येत होतं. दुसऱ्या मजल्यावर झाडू-बादल्या ठेवायची एक अरुंद खोली होती, खोली नंबर दोनशे चौदा. तिला चौकाच्या बाजूने खिडकी होती, म्हणजे छपरातून येणारा उजेड थेट आत. मामाने मोठ्या मालकांना विनंती केली. मालक म्हणाले, "दे. पण नातं दाराबाहेर ठेवायचं." मामाने ते वाक्य मंत्रासारखं धरून ठेवलं.

पहिल्याच दिवशी आई मशीन लावून बसली होती. मामा दारात येऊन उभा राहिला.

आई म्हणाली, "ये रे बाळा, बस."

मामाने मागे-पुढे बघितलं. "इथे कोणी बाळा नाही. इथे साहेब. आणि तुम्ही दोनशे चौदा."

आईला हसू आलं. तिला वाटलं, थट्टा करतोय. तो हसला नाही. त्या दिवसापासून तेवीस वर्षं तो तिला बिल्डिंगमध्ये ‘दोनशे चौदा’ अशीच हाक मारत आला. "दोनशे चौदा, चिंध्या कॉरिडॉरमध्ये आल्यात." "दोनशे चौदा, मशीनचा आवाज कमी." दर रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा मात्र ताई. "ताई, अजून थोडं वाढ गं." मी लहान असताना मला वाटायचं, मामा दोन आहेत आणि रविवारचा बरा आहे.

आईचं काम अल्टरेशनचं. नवे कपडे ती शिवत नसे. उंची कमी करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सोडणं, कंबर आत घेणं. वरच्या ऑफिसांतले झाडून सगळे तिच्याकडे यायचे. ती म्हणायची, "बिल्डिंगचं कसं चाललंय ते मला मालकांच्या आधी कळतं. कमरा सोडायला आल्या की बरकत. आत घ्यायला आल्या की समजायचं." शाळा सुटली की मी तिच्याकडे यायचे, बटणं लावायचे. पुढे शिक्षण संपल्यावर मी तिथेच बसले. काम दोघींना पुरेल इतकं होतं.

मामाची त्या काळातली सत्ता बघण्यासारखी होती. बायकांच्या टॉयलेटला तो कुलूप लावायचा, बाहेरचे लोक घुसतात म्हणून. किल्ली त्याच्या तळमजल्यावरच्या केबिनमध्ये. पाचव्या मजल्यावरच्या बाईलाही खाली येऊन, त्याच्यासमोर उभं राहून मागावी लागायची. तो वर न बघता म्हणायचा, "आत्ताच तर नेली होतीत." टायपिंगच्या क्लासच्या बाई एकदा आमच्या खोलीत येऊन रडल्या. त्या रविवारी आई त्याला म्हणाली, "बायकांना असं ताटकळत ठेवू नये रे."

"शिस्त आहे ताई."

"कसली शिस्त? त्या काय हौसेने येतात?"

"तू नको लक्ष घालूस." आणि त्याने ताट पुढे केलं. तिने वाढलं. शेवटी भाडेकरूंनी सह्या करून मालकांकडे तक्रार नेली तेव्हा प्रत्येक मजल्यावर खिळ्याला किल्ली टांगली गेली. तक्रारीवर पहिली सही दाताच्या डॉक्टरांची होती. मामाने ते लक्षात ठेवलं.

मग दिवस फिरले. शहराबाहेर मोठमोठी दुकानं झाली, गाड्या लावायला मैदानं असलेली. कॅमेऱ्यांचं दुकान गेलं, मग रेडिओचं. सरकता जिना बिघडला आणि त्याचा सुटा भाग कुठेच मिळेना, म्हणून लोक तो साध्या जिन्यासारखा चढायला लागले. छपराच्या चार काचा फुटल्या, त्यातून कबुतरं आत आली आणि राहिली. आईकडे कमरा आत घ्यायलाच येऊ लागल्या. तरीसुद्धा तीसेक दारं उघडी होती. ज्यांना दुसरीकडे जाणं परवडणारं नव्हतं, किंवा ज्यांचं सगळं आयुष्य त्या पत्त्यावर गेलं होतं, अशी माणसं.

मोठे मालक वारले. त्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या मालकांनी, परदेशात शिकून आल्यावर बिल्डिंगकडे एकदा मान वर करून बघितलं आणि ठरवलं की ही आतून सगळी पोखरून नवी करायची. पण जुन्या भाडेकरूंचे कागद पक्के होते. त्यांनी मामाला वर बोलावलं. पुढचं मला माहीत आहे, कारण मामाने ते रविवारी जेवताना स्वतःच सांगितलं, अगदी कौतुकाने.

"मला म्हणाले, कोर्टात गेलो तर माझे केस पांढरे होतील. तुम्ही इतकी वर्षं आहात, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, कोर्ट कशाला? प्रत्येक माणसाला रोज एक गोष्ट लागतेच. एकाला पाणी लागतं, एकाला लिफ्ट लागते. ती तेवढी बंद करायची. माणूस आपल्या पायांनी जातो."

आईचा हात भांड्यावरच थांबला. "म्हणजे काय करणार आहेस तू?"

"दुरुस्ती," मामा म्हणाला आणि मनापासून हसला. नव्या बिल्डिंगचा मॅनेजर करू, वरच्या मजल्यावर राहायला जागा देऊ, असं धाकट्या मालकांनी त्याला सांगितलं होतं. मामाने लग्न केलं नव्हतं. तोवर तो गच्चीवरच्या पंपाशेजारच्या खोलीत राहत आला होता.

सुरुवात दाताच्या डॉक्टरांपासून झाली. पाणी बंद, पाइपची दुरुस्ती. डॉक्टर बाटल्या भरून आणायचे. एकदा मी त्यांच्याकडे दाढ दाखवायला गेले होते तर आधीचा पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला, दात अर्धा कोरलेला, तोंडातून लाल लाळ गळतेय, आणि डॉक्टर बादलीतलं उरलेलं पाणी कपाने मोजून देतायत. दारात मामा उभा. "डॉक्टर, अजून आठवडा लागेल हं," तो म्हणाला. पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी खुर्ची खोलून नेली.

टायपिंगच्या क्लासच्या शेजारची भिंत नेमकी परीक्षेच्या दिवसांत फोडायला घेतली. बाईंनी कानात कापूस घालून शिकवलं. मग मुलींच्या आया मुलींना पाठवेनाशा झाल्या.

चौथ्या मजल्यावर एक घड्याळवाले काका होते, एका पायाने अधू, कुबडी घेऊन चालायचे. लिफ्ट दुरुस्तीला काढली. काका रोज चार मजले चढायला लागले. मामा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, आमच्या दारासमोरच उभा राहायचा. "सावकाश काका, पायऱ्या ओल्या आहेत." त्या पायऱ्या तो स्वतः सकाळी ओल्या करायचा. मी बघितलंय. हातात बादली घेऊन, वरून खाली, एकही पायरी न सोडता. सहाव्या आठवड्यात काका पडले. हात मोडला, उजवा. घड्याळजीचा उजवा हात. मामानेच त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं आणि तिथेच, प्लास्टर ओलं असताना, जागा सोडल्याच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेतला.

हे सगळं होत असताना आम्ही काय केलं? काही नाही. डॉक्टर तक्रारीचा कागद घेऊन आईकडे आले होते. आई म्हणाली, "भाऊ आहे हो. कशी सही करू?" डॉक्टरांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि गेले. मलाही आतून वाटत होतं, कितीही झालं तरी आपला मामा आहे, आपल्यावर ही वेळ येणार नाही. दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीत आम्ही हात शेकत नव्हतो, पण विझवायलाही उठलो नव्हतो.

वर्षभरात बिल्डिंगमध्ये एकच मशीन चालू राहिलं, दोनशे चौदामधलं. एका रविवारी जेवून झाल्यावर मामा म्हणाला, "ताई, तुझं काय ठरलं?"

"माझं काय ठरायचंय? डोळे आणि हात आहेत तोवर बसणार."

"मला तुझ्याशी वाकड्यात शिरायचं नाही."

"मग नको शिरूस."

"मला मालकांना तोंड दाखवायचंय."

"मलाही गिऱ्हाइकांना दाखवायचंय," आई म्हणाली आणि त्याच्यापुढचं ताट उचलून आत गेली.

सोमवारी छपरावर काळी ताडपत्री चढली. फुटक्या काचा पडू नयेत म्हणून. बिल्डिंगमध्ये दिवसाढवळ्या अंधार झाला. आम्ही दिवा लावून शिवायला लागलो तर बुधवारी दुसऱ्या मजल्याची वीज गेली. आईचं मशीन पायाचं होतं. तिने ते ढकलत ढकलत जिन्याजवळच्या खिडकीशी आणलं. चौसष्ट वर्षांची बाई कॉरिडॉरमध्ये बसून पायाने मशीन मारत होती आणि गिऱ्हाईक मोबाइलच्या उजेडात जिना चढून तिच्याकडे येत होतं. मी म्हटलं, "आई, घरी नेऊया मशीन. घरी बसून करू." ती म्हणाली, "त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. बघू तरी कुठवर जातो ते."

तिचा पक्का समज होता की तो एका ठिकाणी येऊन थांबेल. कुठे ते तिला सांगता येत नव्हतं, पण थांबेल.

पुढच्या आठवड्यात खिळ्यांवरच्या किल्ल्या नाहीशा झाल्या. सगळ्या मजल्यांची टॉयलेटं बंद, दुरुस्ती. आईला ब्लड प्रेशर होतं. त्यासाठी रोज सकाळी एक गोळी, जिने लघवी जास्त होते. हे मामाला माहीत होतं. गोळ्या दर महिन्याला तोच आणून द्यायचा, स्वतःच्या खर्चाने, कधी न चुकता. आई सकाळपासून पाणी प्यायची बंद झाली. रस्त्यापलीकडच्या एका हॉटेलात ती जायची. त्यांनी दोनदा जाऊ दिलं, तिसऱ्यांदा म्हणाले, काहीतरी खायला तरी मागवा. मग ती गोळीच टाळायला लागली. ओठांवर साली निघाल्या, पाय सुजले. मी भांडले, रडले. मी एकदा मामाच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटला. तो म्हणाला, "तुझ्या आईला समजाव. जागा सोडली की घरचं टॉयलेट चोवीस तास उघडं आहे."

तो दिवस गुरुवार होता, दुपारची बाराची वेळ. खाली चौकात धाकटे मालक चार पाहुण्यांना नकाशे दाखवत होते. मामा शेजारी उभा, अंगात नवा कोट. त्या कोटाच्या बाह्या दोन महिन्यांपूर्वी आईनेच आखूड केल्या होत्या. मी वर शिवून झालेले कपडे पिशवीत भरत होते. आई उठली आणि जिना उतरून खाली गेली. तिची चाल बघून मी हातातलं टाकून तिच्या मागे धावले.

ती मामासमोर जाऊन उभी राहिली. "किल्ली दे."

"कसली?"

"तुला माहितीये कसली."

"दुरुस्ती चालू आहे."

आईने आवाज अगदी खाली आणला. "बाळा, दे रे. मला धीर नाही."

पाहुणे नकाशावरून मान वर करून बघत होते. मामाने धाकट्या मालकांकडे बघितलं. मालक घड्याळाकडे बघत होते. मामा म्हणाला, "दोनशे चौदा, लेखी अर्ज द्या. बघू."

आई वळली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे निघाली असावी. दारापर्यंत दहा-बारा पावलं होती. ती चार चालली. मग थांबली. तिने दोन्ही हातांनी शेजारचा खांब धरला. फरशीवर पाणी पसरत गेलं, तिच्या चपलांच्या भोवती, मग पुढे, पाहुण्यांच्या बुटांच्या दिशेने. एक पाहुणा दोन पावलं मागे सरकला. बाकीचे वर ताडपत्रीकडे बघत राहिले.

मामा झपझप केबिनमध्ये गेला. बादली आणि फरशी पुसायचं फडकं घेऊन आला. क्षणभर मला वाटलं, आता हा पुसणार. आता हा खाली बसणार. त्याने बादली आईच्या पुढ्यात ठेवली.

"पुसून घ्या. कोणीतरी घसरेल."

मी फडकं घ्यायला वाकले तर आईने माझा हात बाजूला केला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने फरशी पुसली. नीट पुसली. फडकं पिळलं, परत पुसली, कोपऱ्यापर्यंत. मग फडक्याची घडी घालून बादलीच्या काठावर ठेवली. उठताना तिने माझा खांदा धरला. खिशातून दोनशे चौदाची किल्ली काढली आणि मामाच्या हातात दिली. त्याने ती घेतली आणि नंबर वाचून बघितला.

त्या रविवारी तो आला. नेहमीच्या वेळेला, हातात फळांची पिशवी. मी दारातच आडवी झाले. आतून आईचा आवाज आला, "येऊ दे त्याला." तिने ताट वाढलं. तो जेवला. इकडचं तिकडचं बोलला. नव्या बिल्डिंगला काळ्या काचा लागणार, वगैरे. आई भिंतीला टेकून उभी होती.

"पोट भरलं?" तिने विचारलं.

"हो."

"मग आता परत येऊ नकोस."

त्याने मग हात धुतले आणि गेला. पिशवी मी खिडकीतून खाली टाकली.

नव्या बिल्डिंगचा मॅनेजर त्याला काही केलं नाही. धाकट्या मालकांनी त्या गुरुवारनंतर कुणालातरी म्हटलं होतं म्हणे, "असा माणूस दारात ठेवायचा म्हणजे आपल्यालाच भीती." गरज सरो, वैद्य मरो. गच्चीवरची खोली पाडली गेली. मामाला तळघरात सामानाच्या कोठारावर बसवलं, दुसऱ्या एका पंचविशीतल्या मॅनेजरच्या हाताखाली. हे सगळं मला घड्याळवाल्या काकांकडून कळायचं. काकांचा हात वाकडाच जुळला होता. ते आता नव्या बिल्डिंगसमोर फुटपाथवर घड्याळं विकायचे, दुरुस्त करायचे नाहीत.

आई त्यानंतर दोन वर्षं जगली. बाहेर जाणं तिने सोडलंच. कुठेही निघायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "तिथे सोय आहे का?" मग म्हणायची, "नकोच." आधी लघवीत संसर्ग, मग मूत्रपिंडं गेली. शेवटचे नऊ दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं.

"बाळाला बोलाव."

मी म्हटलं, "बोलावते."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. हातात फोन होता. त्याचा नंबर मला पाठ होता. मी पंधरा मिनिटं बाकावर बसले आणि परत आत आले.

संध्याकाळी तिने विचारलं, "आला का?"

"कळवलंय. म्हणाला, वेळ नाही."

तिने भिंतीकडे तोंड केलं. "कामात असेल," ती म्हणाली.

त्यानंतर तिने आणखी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी खोटं बोलले आणि प्रत्येक वेळी ते जास्त चांगलं जमलं. पहिल्यांदा तो कामात होता. मग बाहेरगावी गेला होता. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "फोनच ठेवून दिला त्याने आई, नाव ऐकल्यावर." खोट्याला एकदा दूध पाजलं की ते अंगाला लागतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, अंगात तेवढं पाणीच नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. मी मामाला कळवलं नाही.

बारा-तेरा दिवसांनी तो दारात उभा राहिला. घड्याळवाल्या काकांकडून कळलं होतं त्याला. पार वाळला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर नावाची पट्टी शिवलेली. आत ये म्हटलं नाही मी.

"मला कळवलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"आईनेच सांगितलं होतं, कळवायचं नाही."

"ताईने?"

"हो. म्हणाली, त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

तो चौकटीला हात लावून उभा होता. "शेवटी तरी... माझं नाव काढलं असेल ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

त्याने मान हलवली, दोन-तीनदा, जणू मी त्याला कुठल्यातरी दुरुस्तीची माहिती देत होते. मग जिन्यात, आमच्याच पायरीवर खाली बसला. मी दार लावलं. दाराच्या आत उभी राहून ऐकत होते. तासाभराने शेजारच्या काकूंनी त्याला पाणी दिलं, तेव्हा तो उठला आणि गेला.

पुढे तळघरातलं कामही त्याच्या हातून गेलं. कुठल्यातरी चाळवजा जागेत दोघा परक्या माणसांबरोबर खोली घेऊन राहायचा. चार वर्षांपूर्वी त्यातल्या एकाचा मला फोन आला, की हे वारले, तुमचा नंबर यांच्या डायरीत आहे, दुसरा कुणाचाच नाही. मी गेले, कागदांवर सह्या केल्या, जे करायचं ते केलं. नात्याच्या रकान्यात ‘भाची’ लिहिलं. त्या माणसाने सांगितलं, "फार कडक होते हो, पण आम्हाला कधी त्रास दिला नाही."

नव्या बिल्डिंगमध्ये मी जाते. टाळायचं काय त्यात? तिसऱ्या मजल्यावर माझे डोळ्यांचे डॉक्टर बसतात. काळ्या काचा आहेत, थंडगार आहे, प्रत्येक मजल्यावर उघडी, स्वच्छ टॉयलेटं आहेत.

मामाशी मी जे खोटं बोलले त्याचं मला आजही काही वाटत नाही. उलट कधीकधी आठवून बरं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत नाही. त्याने आयुष्यात जेवढ्या माणसांना दारात ताटकळवलं त्या सगळ्यांच्या वतीने मी बोलले, असं मी स्वतःला सांगते. पण आई त्या दाराबाहेरच्यांत नव्हती. ती पलंगावर पडून विचारत होती. मी एक फोन केला असता तर तो तळघरातून तसाच धावत आला असता. हे मला त्या बाकावर बसले होते तेव्हाही माहीत होतं.